सालेकशाची तिसरी प्रजाती

सालेकशाच्या जंगलातल्या ऑर्किडांची वर्गवारी लावताना प्राध्यापक शालीकराम एका गोष्टीवर अडून बसले होते. दोन प्रजाती साऱ्या जगाला ठाऊक होत्या. तिसरी फक्त त्यांना. तिच्या फुलाचा ओठ, म्हणजे पुढे आलेली खालची पाकळी, टोकाशी अखंड होता. इतर दोघींचा दुभंगलेला. ती तिथल्या बकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर, एकाच मोहाच्या झाडावर फुलायची. सलग तीन वर्षं मेच्या पहिल्या आठवड्यात शालीकराम तिला डोळे भरून पाहत, एखादं फूल वाळवायला कागदात दाबून घेत आणि लगेच पेपर तपासायला नागपूर गाठत. नावही ठरलं होतं: उभा जन्म मोहफुलं वेचण्यात गेलेल्या आईचं, लॅटिन शेपूट लावून.

पीएच.डी.चे परीक्षक मात्र कडक. जिवंत रोप पाहिल्याखेरीज प्रबंधावर सही नाही, असं कळवून ते २००८च्या मे महिन्यात स्वतःच निघाले. शालीकरामांनी बकारामला घाईघाईने निरोप धाडला, की मोठे साहेब तुझा मोह पाहायला येत आहेत, झाडाला जप.

बकारामने जपलं. जीप पोचली तेव्हा खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे होते, बुंध्याशी सडा होता आणि फांद्या विधवेच्या हातांसारख्या मोकळ्या होत्या.

"वरची रोपं कुठं आहेत?" शालीकरामांनी विचारलं.

"रोपं कायची सर, बांदा होता. झाडाचं रगत पेते तो. दोन दिस चढून खरडला. सायेब येऊन राहिले, मंग घान कायले दाखवाची?"

"टाकला कुठं?"

"बकऱ्याइले. चांगला खाल्ला."

बकऱ्यांची वर्गवारी सोपी असते: खाण्याजोगं आणि बाकीचं.

जमुनाबाईने, बकारामच्या बायकोने, आणलेला चहा हातात तसाच धरून परीक्षक त्या रित्या फांद्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा कडकपणा विरघळला. "वाळवलेला नमुना पुरे," ते हळूच म्हणाले. "आपण एक प्रजाती गमावली, शालीकराम."

शालीकराम डॉक्टर झाले. लुप्त प्रजातीवर त्यांची भाषणं होऊ लागली. नाव न घेता ते स्थानिक अज्ञानाविषयी बोलत, आणि टाळ्या नेमक्या तिथेच पडत. एका भाषणाला बकाराम मागच्या रांगेत बसला होता. त्याला नावाची गरज पडली नाही.

पुढल्या मेच्या अखेरीस तो एसटीने जिल्ह्यातल्याच गोरेगावला, शालीकरामांच्या घरी आला. काखेत ओलं पोतं.

"भेटला सर. चाळीस मोह चढलो. तुमच्या आईचा बांदा."

शालीकरामांनी दांडा हातात घेतला. खालची फुलं जुनी होती, त्यांचे ओठ दुभंगलेले. वरची त्याच सकाळी उमललेली, त्यांचे अखंड. एकच दांडा, एकच रोप. त्यांची तिसरी प्रजाती म्हणजे पहिलीचाच पहिला आठवडा होता. दुसरा पाहायला ते कधी थांबलेच नव्हते.

"हाच ना सर?"

शालीकरामांनी खोलीचं दार लोटलं. "आणखी कोणाला दाखवलंस?"

"कोनालेच नाही. पयले तुमाले."

"हा नव्हे, बकारामभाऊ. हा साधा आहे."

भाऊ म्हणून त्यांनी त्याला आजवर कधी हाक मारली नव्हती. बकारामचा चेहरा उतरला. संशय मात्र त्यात कुठेच नव्हता.

"माहीच चूक हाय," तो पोतं झटकत म्हणाला. "पहाडाकडचे मोह राहिले हायेत अजून. या साली नाही भेटला तं पुढच्या साली पाहीन. आईचं नाव हाय ना त्याले."

"हो," डॉक्टर शालीकराम म्हणाले.