आठशे चाळीस स्थळांचे गाऱ्हाणे

संगणक मुक्त करायला एक दुपार पुरेल, असे तरुण, अविवाहित कार्यकर्ता विश्वेश याने जाहीर केले, तेव्हा फोंडाघाटच्या मंगलयोग वधूवर सूचक मंडळात त्याच्यावर शंका घेण्याइतके संगणकाचे ज्ञान कोणाकडेच नव्हते. खुद्द विश्वेशकडेही ते नव्हते. मात्र हे कळायला ती दुपार यावी लागली.

मंडळाचे दुखणे जुने होते. उमेदवारांकडून जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत मागणाऱ्या या संस्थेच्या संगणकावर ‘विंडोजची ही प्रत अस्सल नाही’ हे वाक्य तीन वर्षे कोपऱ्यात उभे होते, आमंत्रण नसताना लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे. अध्यक्ष गंगारामकाका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर गणपतीचे चित्र चिकटवून प्रश्न आपल्यापुरता मिटवला होता. विश्वेशने मात्र कार्यकारिणीपुढे पाऊण तास लिनक्सची थोरवी सांगितली. ही प्रणाली सर्वांची, सर्वांसाठी, कोणाच्याही मालकीची नाही. तिच्यावर पत्रिका जुळवण्याचे मुक्त सॉफ्टवेअरही मिळते, तेही फुकट.

चिटणीस सरलाताईंनी पंचवीस वर्षे स्थळांची चौकशी केली होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“हुंडो-बिंडो काय एक नको म्हणणारो मुलगो इलो की आमी पयली तेची चौकशी करतो. ह्येची कोणी केल्यान?”

कोणीच केली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला.

विश्वेशच्या या क्रांतीमागे एक कारण होते, जे इतिवृत्तात आले नाही. तळेऱ्याच्या शिवांगीच्या अर्जात ‘अपेक्षा’ या रकान्यात एवढेच लिहिले होते : ‘संगणकाची जाण असलेला.’ तालुक्यातल्या इतर मुलींनी त्या रकान्यात पुण्यातला फ्लॅट, स्वतंत्र राहणी, सासूचा स्वभाव असे बरेच काही मागितले होते. हा एकच अर्ज असा होता, की तो वाचताना विश्वेशला आपण अगदीच टाकाऊ नाही असे वाटे. तो त्याने सतरा वेळा वाचला होता. नव्या सॉफ्टवेअरवर पहिली पत्रिका तिची आणि आपली जुळवायची, असे त्याने मनाशी ठरवले होते. आणि मंडळाच्या नव्या पर्वाला उमेदवारांनी उपस्थित राहावे, अशी सूचनाही त्यानेच केली होती.

आठशे चाळीस अर्जांपैकी एकही आता कागदावर नव्हता. गेल्या वर्षी संगणकीकरण पूर्ण झाल्याच्या आनंदात विश्वेशने सारे अर्ज खालच्या लवूच्या भजीच्या गाडीला देऊन टाकले होते. कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत कांदाभजीच्या तेलात पारदर्शक होऊन गेले.

पण तो बेसावध नव्हता. सकाळीच त्याने सगळे अर्ज मंडळाच्या पेनड्राइव्हवर उतरवले. मंडळाकडे पेनड्राइव्ह एकच, त्यामुळे नवी प्रणालीही त्याच्यावरच चढवली. बत्तीस जीबीच्या घरात दोघे सुखाने नांदतील, असा त्याचा हिशेब होता. संसाराचा त्याला अनुभव नव्हता.

चार वाजता शिवांगी आईसह आली. तिची आई जानकीकाकू खुर्चीत बसल्या, शिवांगी खिडकीपाशी उभी राहिली, आणि विश्वेशने पेनड्राइव्ह संगणकाला लावला. त्याने अभिमानाने मराठी भाषा निवडली. पडद्यावर प्रश्नांमागून प्रश्न येऊ लागले.

अशा वेळी देवाला गाऱ्हाणे, म्हणजे सामूहिक साकडे, घातल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा मंडळाचा शिरस्ता. गंगारामकाकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि चार वाड्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान जो काय नवो कारभार मांडलेलो आसा, तो सुरळीत पार पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सारे म्हणाले.

पडद्यावर आले : ‘जुनी प्रणाली शेजारी ठेवायची, की संपूर्ण डिस्क पुसायची?’ विश्वेशला शेजारी ठेवायची होती. पण निवडीचा ठिपका आधीच दुसऱ्या पर्यायावर होता, आणि शिवांगी आता खिडकी सोडून त्याच्या खांद्यामागे आली होती. पुढे जावे की मागे, हे न कळून त्याने पुढे जाण्याचे बटण दाबले. शेवटचा प्रश्न उमटला : ‘या डिस्कवरील सर्व काही कायमचे पुसले जाईल. पुढे जायचे?’

तो थबकला. नेमक्या त्याच वेळी काकांचा आवाज टिपेला पोहोचला.

“जुन्या यंत्राचो जो काय दोष आसात, तो मुळापासून पुसून टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लहानपणापासून या हाकेला त्याने हा एकच प्रतिसाद दिला होता. तोंडाने तो दिला, आणि तोंडाबरोबर बोटानेही.

वीस मिनिटांनी संगणक नव्याने उघडला : स्वच्छ, मुक्त, देखणा. नांगरट झालेल्या शेतासारखा रिकामा. सरलाताईंनी सगळीकडे शोधले.

“विश्वेशा, आमची सगळी माणसा खंय गेली रे?”

किरकोळ तांत्रिक बाब आहे, प्रत घेतलेली आहे, असे प्रमाण मराठीत सांगत त्याने पेनड्राइव्ह उघडला. त्यात नवी प्रणाली होती. एकटीच. ती घरात शिरताना आधीच्या बिऱ्हाडाला बाहेर काढूनच शिरली होती.

“म्हणजे माझ्या चेडवाचो अर्जय गेलो?” जानकीकाकूंनी विचारले. शिवांगीने पर्स खांद्याला लावली.

काकांनी हातातला नारळ टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “देवाक बोल लावू नको. आमी मागला ता तेना शब्दान् शब्द दिल्यान.”

अर्ज नव्याने, तेही घाईपोटी दाखल्यांविना, मागवावे लागले, आणि मुक्त प्रणालीचा खरा लाभ तालुक्याला तेव्हा कळला. पंधरवड्यात विवाहेच्छूंचे सरासरी वय चार वर्षांनी उतरले. तीन मंगळ नाहीसे झाले. एक घटस्फोटित प्रथम विवाहाच्या यादीत येऊन बसला. एवढी मुक्ती कोणत्याही प्रणालीने आजवर कोणाला दिली नसेल.

बाराव्या दिवशी शिवांगीचा अर्ज टपालाने आला. वय तेच, उंची तीच, अक्षर तेच. ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहिले होते : ‘संगणकाला हात न लावणारा.’

विश्वेशने तो अर्ज वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला आणि क्षणभर त्याच्या मनात बारीकशी आशा हलली. गेले बारा दिवस त्याने संगणकाला खरोखरच हात लावला नव्हता.

सरलाताईंनी लावू दिला नव्हता.