आल्या वाटेनं परत न जाणारे मोघेकाका

जूनमधला शनिवार, २०१५. एर्लांगेनबाहेरची बंद पडलेली वाळूची खाण. हजर: मी, माझा नवरा प्रकाश, पीएचडी करणारी ईशा आणि मोघेकाका. काकांच्या डोक्याला पांढरं उपरणं, गळ्यात होकायंत्र, पाठीवर पाण्याचा कॅन. वर काळे ढग. बसस्टॉप इतका जवळ, की बसचं दार उघडल्याचं ऐकू येत होतं.

"पाणी जपून प्या," काका म्हणाले. "वाळवंट आहे."

काका इथल्याच एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. खरं वाळवंट बघायचं राहून गेलं, म्हणून त्यांनी ही खाण दत्तक घेतली. वाळूचे ढिगारे म्हणजे सुळके, ट्रकांनी पाडलेल्या चऱ्या म्हणजे घळी. सगळ्यात उंच सुळक्याचं नाव 'थोरली आत्या', कारण कितीही सांभाळून पाय ठेवा, ती नाराजच.

नकाशा नाही. वाट सुचली पाहिजे. आणि आल्या वाटेनं परत फिरायचं नाही. "ती वाट नव्हे, माघार! घाण्याचा बैलसुद्धा गोल फिरतो." सुपरमार्केटात दही विसरलं तर काका मागे वळत नाहीत, बाहेर पडून पुन्हा पुढच्या दारानं आत येतात.

जर्मनमधला एकच शब्द त्यांनी मनापासून आपला मानला: गेनाऊ. म्हणजे अगदी बरोबर. "काका, साखर किती?" "गेनाऊ." "डॉक्टर काय म्हणाले?" "गेनाऊ."

फेब्रुवारीत मालतीकाकू गेल्या आणि काकांनी घराबाहेर पडणं सोडलं. म्हणून ही सहल मीच ठरवली. फोनवर ते एवढंच म्हणाले, "येतो. पण फेरी पुरी झाली पाहिजे. बसस्टॉपच्या बाकापाशी संपली पाहिजे." काकूंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या थर्मास घेऊन त्या बाकावरच बसायच्या.

आत्या चढलो. उतरताना ईशा घसरून थेट घळीत गेली.

"शाब्बास! नवी वाट सापडली," काका वरून ओरडले.

मग पाऊस आला. "काका, भिजतोय आपण," प्रकाश म्हणाला.

"वाळवंटात असे भास होतात."

घळ संपली आणि समोर कुंपण लागलं. पलीकडे लोकांच्या भाड्याच्या बागा. पाटी वाचली: प्रवेश बंद.

"काका, मागे फिरू या?"

"मागे?" मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. दुसऱ्या क्षणाला ते झुडपांमधल्या फटीतून पार. मागोमाग आम्ही. आम्ही चौघं कुणाच्या तरी मुळ्यांच्या वाफ्यात उभे, आणि समोर रेनकोट घातलेले एक जर्मन आजोबा.

मी मनातल्या मनात माफीचं जर्मन वाक्य जुळवू लागले. क्रियापद शेवटी आणायचं होतं. तिथवर पोचलेच नाही. आजोबांनी काकांचं उपरणं पाहिलं, होकायंत्र पाहिलं आणि मागचं फाटक उघडलं.

"फार दिवसांनी आलात," ते जर्मनमध्ये म्हणाले. "नेहमीसारखं मागूनच जायचं ना? चला लवकर, बाई वाट बघत असतील."

म्हणजे सुचलेली वाट नेहमीचीच होती. काका जरा थांबले. ओल्या उपरण्याचं टोक त्यांनी नीट खोचलं.

"गेनाऊ," ते म्हणाले.

फाटकाबाहेर बसस्टॉपच्या बाकाची पाठ दिसली. काका चवड्यांवर चालत गेले आणि रिकाम्या बाकामागे उभे राहिले.

"ती खाणीकडे डोळे लावून बसायची," ते म्हणाले. "मी मागून यायचो आणि हळूच म्हणायचो, 'बाई, चहा मिळेल का?' दचकायची. माहीत असून दर वेळी दचकायची!"

मी थर्मास काढून त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्यानंच प्यायला.

"पुढच्या शनिवारी तू बस इथे," काका मला म्हणाले. "पण दचकता येतं ना तुला?"

"कुठलं हो! लग्न झाल्यापासून प्रयत्न करतोय मी," प्रकाश म्हणाला.

शनिवारची तयारी झाली आहे. थर्मास धुतला, छत्र्या वाळवल्या, मुळ्यांच्या आजोबांसाठी चकल्या बांधल्या. प्रकाश रोज दाराआड लपून 'बाई, चहा' म्हणतो, आणि मी वर न बघता त्याला दूध आणायला पाठवते. दचकायचं तेवढं अजून जमलेलं नाही.