हरकत असल्यास लेखी द्यावी

नोटीसमामांनी एकदा शिळफाट्याच्या एस.टी. थांब्यावर 'येथे थुंकू नये' ही पाटी इतक्या खणखणीत आवाजात वाचली, की तिच्याखाली पिंक टाकायला वाकलेल्या गृहस्थानं ती चक्क गिळली. मी शेजारीच उभा होतो. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मामा मात्र त्या गृहस्थाकडे वळून म्हणाले, "आता दुसऱ्यांदा वाचतो. ध्यान द्या."

मामा कुठलाही कागद दोनदा वाचत. खरं नाव सीताराम, कर्जतला रेल्वेत गँगमन. कडावच्या पुढं आमचं गाव, त्याच्या बौद्धवाड्यात राहायचे. सुट्टीच्या दिवशी माणूस झोप काढतो, बाजार करतो. हे सायकल काढून कर्जत-खालापूरच्या कचेऱ्यांबाहेरचे सूचनांचे फळे वाचत फिरत. सगळं वहीत उतरवून आणत आणि संध्याकाळी आमच्या चावडीच्या ओट्यावर चढून वाचून दाखवत. म्हशींची लस, रॉकेलची गाडी, हरवलेला रेडा. खाली कुणी असो वा नसो. एकदा तर समोर नुसतं एक कुत्रं होतं. त्यालाही "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की" म्हणून लसीची तारीख दोनदा सांगितली.

घरीसुद्धा हीच भाषा. एकदा जेवताना "भाकरी करपल्याचे निदर्शनास आले आहे" म्हणाले, तेव्हा मामींनी उलथनं फेकून मारलं होतं म्हणे. बरं केलं!

मी मॅट्रिक झालो त्या वर्षीची गोष्ट. मला आयटीआयला जाऊन फिटर व्हायचं होतं. पण फी, वसतिगृह, खाणावळ कुठून आणायची? माझे वडील, आबा, म्हणजे गावातलं कडक प्रस्थ. इस्त्रीची टोपी, खिशाला पेन, आणि घरात दाणा नसला तरी मिशीवर तूप. "फिटर व्हऊन काय करतोस? शेती कोन बघंल?" एवढंच म्हणाले आणि विषय संपवला.

दोनच दिवसांनी मामांनी मला रस्त्यात अडवलं. वही उघडली. "खालापूरच्या फळ्यावर हाय. गरीब मुलांना फी माफ आणि वर विद्यावेतन. मुदत म्हैनाअखेर. तुझा अर्ज मी भरला."

"मला न विचारता?"

"विचारत बसलो तर मुदत जाईल रं. आता फकस्त उत्पन्नाचा दाखला र्‍हायला."

मी उडालोच. तरी मनातून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू! आबांना कळू न देता सही करून दिली.

आमच्या तलाठ्याची एक रीत होती. दाखला देण्याआधी त्या घरचं उत्पन्न तो चावडीच्या फळ्यावर लावायचा, म्हणजे कुणाची हरकत असली तर कळावं. मला वाटलं, लागू दे कागद, वाचतंय कोण? बघा माझी अक्कल! मामा आहेत हे मी विसरलोच होतो.

आणि कागद लागला नेमका कधी? शेलूची मंडळी माझ्या ताईला बघायला आली त्या दिवशी. चावडी आमच्या अंगणाला लागून. ओटीवर पाहुणे पोहे खात होते आणि आबा बैलजोड्या वाढवत होते. खरी एक होती, बोलता बोलता तीन झाल्या. भाताच्या कणग्या तर मोजायच्या पलीकडे गेल्या. तेवढ्यात चावडीवरून आवाज आला, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की..."

माझ्या हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं तिथंच थांबलं. पुढं आबांचं नाव, बापाचं नाव, जमीन, बैल एक जोडी आणि वर्षाचं उत्पन्न. इतका लहान आकडा इतक्या मोठ्यानं मी जन्मात ऐकला नव्हता. पाहुण्यांचे पोहे तोंडात तसेच राहिले. आत ताई मटकन खाली बसली. आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, मामांनी दुसऱ्यांदा वाचायला घेतलं.

आबा पायातली वहाण काढून चावडीकडे धावले. त्यांच्यामागं मी.

"सित्या! माझी अब्रू घ्यायला बसलास काय रं?"

मामा ओट्यावरून हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "दौलतराव, कागदाला हरकत असंल तर लेखी द्या."

आणि काय सांगू! आबांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली वहाण खाली आली. ते तसेच माघारी फिरले. मला काही कळेना.

लग्न मोडलं, असं धरून आम्ही ओटीवर परतलो. मुलाचे वडील उठून उभे होते. घसा खाकरून त्यांनी हळूच विचारलं, "ते सूचना वाचणारे कोन? आमच्या धाकट्याला पन तो अर्ज मिळंल का?"

लग्न ठरलं. आबा मात्र माझ्याशी अबोला धरून बसले.

महिन्याभरानं मामा कर्जतहून सायकल हाणत आले. निवड यादीत माझं नाव होतं. ते त्यांनी तीनदा वाचलं. मी पेढे घेऊन निघालो, तेव्हा आबांनी मला थांबवलं.

"त्याला माझ्याकडचा पन एक दे," ते म्हणाले. मग खाली बघत बोलले, "आमी दोगं तुझ्या वयाचं व्हतो. सुतारकामाच्या सरकारी शाळंची यादी लागली व्हती चावडीवर, राहन्या-खान्यासकट. त्या काळी त्याच्या वाड्यातल्यांना वटा चढू देत नव्हतं. खाली उभा राहून मला म्हनाला, माझं नाव हाय का बघ. मी फळ्याकडं बघितलं आनि सांगितलं, नाय."

"नव्हतं?"

"मला कुठं वाचता येतंय रं! त्याच्याम्होरं तसं सांगायची लाज वाटली."

ते खिशातलं पेन, ते "डोळं दुखत्यात, तूच वाच"... इतकी वर्षं मी खरोखरच डोळ्यांचं दुखणं समजत होतो. मूर्ख नुसता!

मामांच्या अंगणात पोचलो तेव्हा ते सायकल पुसत होते. दोन पेढे हातावर ठेवले आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. मामांनी ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझ्या बापानं फळ्याकडं नीट बघितलंसुदिक नाय, नुसता घाम पुसत व्हता. म्हैन्यानं कागद वाऱ्यानं सुटून खाली पडला, तवा मी वाचला. तिसरं नाव माझं. मुदत गेलेली."

"तुम्ही आबांना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पोर व्हता तो पन." आबांचा पेढा त्यांनी अर्धा मोडून मामींसाठी ठेवला, उरलेला तोंडात टाकला आणि पुन्हा फडकं हातात घेतलं.

"तितं शाळंत फळा असंल. दिसंल ते मोठ्यानं वाचत जा. दोनदा. खाली कोन उभा असतो, आपल्याला ठावं नसतं."