शून्य गळतीची शाळा

मोठ्या बाईंनी शिक्षण कार्यालयात फोन लावला, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात सातवीच्या वर्गातली भरलेली बादली होती. मुख्याध्यापिकेने बादल्या उचलायच्या नसतात, हे त्यांना कोणीतरी नोकरीच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. बांधकाम विभागाकडे अर्जांवर अर्ज झाले होते. आला होता तो फक्त सुरक्षा तपासनीस. तो वर बघून सांगून गेला होता, की महिनाअखेरपर्यंत छत गळायचं थांबलं नाही तर खोली बंद, आणि सातवीचा वर्ग हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. त्या रस्त्यावरून ट्रक सुसाट जात. आईबाप निम्म्या पोरींना तिकडे पाठवणार नाहीत, सरळ घरी बसवतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, आमच्याकडे गळती फार वाढलीय हो," बाई म्हणाल्या.

साहेब नवे होते. नव्या साहेबांना उत्साह असतो.

"कुठल्या वर्गात?"

"सातवीत सगळ्यात जास्त."

"बरोबर. त्याच वयात होते. कधीपासून?"

वयाचं बाईंना जरा चमत्कारिक वाटलं, पण इमारतही काही तरुण नव्हती. "झाली दोन-तीन वर्षं. पावसाळ्यात तर विचारूच नका."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? सातवीला उचलते आणि सहावीत बसवते."

"खालच्या वर्गात बसवता?" साहेब हादरले.

"मग काय डोक्यावर बसवू?"

"पण याचं मूळ कुठे आहे, शोधलंत का?"

"शोधायचंय काय त्यात? सगळं वरूनच येतंय."

साहेबांनी एकदम आवाज खाली आणला. "बाई, फोनवर असं बोलू नका. पण तुम्ही धाडस केलंत. बाकीचे मुख्याध्यापक झाकून ठेवतात. मी परवाच समिती घेऊन येतो."

बाईंना भरूनच आलं. इतक्या वर्षांत त्यांचं दुखणं कोणी पहिल्या फटक्यात समजून घेतलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "छताला समिती कशाला? गवंडी पाठवा म्हणावं."

"समितीतच असेल एखादा," बाई म्हणाल्या आणि त्या दिवशी शांत झोपल्या.

समिती आली त्या दिवशी आकाश कोरडं ठणठणीत होतं. हरकत नाही, बाईंनी मनाशी म्हटलं, छतावरचे काळे डाग तरी दिसतील. त्या सातवीच्या वर्गात शिरल्या आणि जागीच थबकल्या. छत पांढरंशुभ्र होतं.

"मामा!" त्यांनी शिपायाला हाक मारली. "अहो, डाग कुठे गेले?"

"चुन्याचे दोन हात मारले, बाई. बादल्याही टाकल्या मागे." मामा शाबासकीची वाट बघत उभे राहिले. "साहेबांसमोर शाळेची अब्रू जायला नको."

"मामा, आज तीच तर घालवायची होती हो!"

तोवर साहेब वर्गात आलेच, मागे समितीच्या दोघी लॅपटॉप घेऊन. कोणी वर पाहिलं नाही. त्यांनी मुलं मोजली, हजेरी पाहिली, पुन्हा मुलं मोजली. साहेबांच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, सगळी हजर आहेत. तीन वर्षांत एकाही मुलाने शाळा सोडलेली नाही. मग गळती कुठाय?"

बाईंनी वर बोट दाखवलं.

साहेबांनी वर पाहिलं आणि भक्तिभावाने मान हलवली. "देवाची कृपा तर असतेच. पण तुमचेही कष्ट आहेतच ना."

आता कुठे बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या मटकन बाकावर बसल्या. "अहो साहेब, मुलं नाही, छत! छत गळतंय आमचं!"

"छत?" साहेबांना बिचाऱ्यांना खरंच वाईट वाटलं. "छत माझ्याकडे येत नाही. छत बांधकामाकडे. माझ्याकडे मुलं."

"पण तुमच्याकडे गळती रोखायचा निधी आहे ना?"

"आहे की. पण ज्या शाळेची मुलं गळतात त्यांना. तुमची तर एकही गळत नाही."

"छत असंच राहिलं तर गळतील ना, साहेब!"

"गळली की लगेच कळवा," साहेब मनापासून म्हणाले.

बाईंना संताप आला, पण सकाळपासूनची दमणूक इतकी होती की तो घशापर्यंत येऊन परत गेला. तिकडे साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "बाळ, तू रोज शाळेत का येतेस?"

"नाही आलं तर बाई घरी येतात," ती म्हणाली. "चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. आणि आमच्याकडे दूध नसतं."

समितीतल्या एकीने लॅपटॉपवर टाइप केलं: पालकांशी सातत्यपूर्ण संपर्क.

पंधरवड्यात अहवाल सगळ्या खात्यांत फिरला. मग बांधकाम विभागाने आजवर कधी दाखवली नव्हती अशी तत्परता दाखवली आणि उलट टपाली कळवलं, की शिक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार आपल्या शाळेत गळती शून्य असल्याने दुरुस्तीचा प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.

बाईंनी ते घरी नवऱ्याला वाचून दाखवलं आणि तोंडावर पदर घेतला.

"अगं, हसतेयस का रडतेयस?"

"ठरलं की सांगते," बाई म्हणाल्या.

आणि वर पुरस्कार! 'शून्य गळती शाळा'. महिना संपायला आठवडा उरलेला असताना साहेब ढाल, हार आणि शाळेच्या दर्शनी भिंतीएवढा फ्लेक्सचा बॅनर घेऊन हजर झाले. बॅनरवर डाव्या कोपऱ्यात शाळेचं नाव बारीक होतं, आणि उरलेल्या जागेत साहेब हसत होते. भाषणं झाली. यशाचं रहस्य विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पोरं येतात, आम्ही शिकवतो. बसायला जागा कोरडी असली तर आणखी बरं." लोकांना हा विनय फार आवडला.

गर्दी पांगल्यावर मामांनी बॅनर गुंडाळायला घेतला. "कुठे ठेवू, बाई? खोलीत मावायचा नाही."

बाईंनी त्याचं एक टोक चिमटीत धरून चोळलं, उलटसुलट करून पाहिलं. चांगलं जाड होतं. मग त्यांनी साडीचा पदर खोचला. "मामा, शिडी आणा. आणि विटा."

तपासनीस आला तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. तो सातवीच्या वर्गात मान वर करून उभा राहिला, बराच वेळ. छतावर पाणी ताडताड वाजत होतं, पण खाली एक थेंब पडेना. बाकांवर सगळ्या पोरी बसल्या होत्या, आणि बाई फळ्यावर गणित घालत होत्या, जणू काही आपण त्या गावच्याच नाही. शेवटी त्याने लिहिलं: गळती नाही. सही केली आणि छत्री उघडून निघून गेला.

त्या दुपारी बाईंनी कार्यालयात फोन लावला. "साहेब, पुढच्या वर्षीचा पुरस्कारही आम्हालाच द्या हो."

"अहो, असं कसं? पुढच्या वर्षीही गळती शून्य राहील, याची खात्री काय?"

"बॅनर जरा मोठा छापलात," बाई म्हणाल्या, "तर सहावीचीही राहील."