अण्णांच्या गाडीला थंडी वाजते

बंगळुरात पाणी गोठत नाही. हे मला ठाऊक आहे, तुम्हांला ठाऊक आहे, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक असावं. तरीही के. आर. पुरमच्या या गल्लीत एक गृहस्थ भर एप्रिलात आपल्या गाडीच्या पाण्याच्या पाइपांना स्वेटर घालतात. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापायच्या, एकेका पाइपावर चढवायच्या आणि वरून नाडी बांधायची. "थंडी सांगून येत नाही ओ," असं कपाळावरचा घाम पुसत सांगायचं.

हे दिनकर अण्णा, माझे शेजारी. मूळचे निपाणीचे. सरकारी कारखान्यात यंत्रं जुळवण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात. अण्णांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिच्यात घर केलं. पलंग, शेगडी, न्हाणी, गीझर, बाकाखाली पाण्याची टाकी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर देव्हारा. ब्रेक लावला की घंटा आपोआप वाजते. पिवळा रंग मात्र तसाच ठेवला. त्यामुळे अजूनही सकाळी एखादी घाईतली आई आपल्या मुलाला दप्तरासकट त्यांच्या पलंगावर चढवते.

या घराची पहिली मोठी सफर हिमाचलात झाली, तीही डिसेंबरात. सोबत पत्नी, शांताक्का. वरच्या एका गावात ढाबेवाल्याने बजावलं होतं, "बाबूजी, रात को टंकी का पानी निकाल दो." दुसरा कुणीही ऐकता. पण अण्णा बंगळूरकर! इथे उन्हाळ्यात टँकरवाल्याला 'सर, सर' म्हणून आळवावं लागतं, भाजी धुतलेलं पाणी झाडाला जातं, आणि हा माणूस सांगतो की भरलेली टाकी रस्त्यावर ओता! अण्णांना ते पाप वाटलं. त्यांनी टाकीला हात लावला नाही. उलट सकाळी पाणी कमी पडू नये म्हणून ती काठोकाठ भरून घेतली.

रात्रीत पाणी गोठलं, फुगलं, आणि पाइप उभेच्या उभे तडकले. पण बर्फ आहे तोवर कळतं कुणाला? नळाला पाणी नाही एवढंच दिसलं. "स्वल्प ऊन पडू दे, येतंय," म्हणून अण्णांनी गाडी खाली उतरवायला घेतली. ऊन पडलं आणि पाणी आलं. भांड्यांच्या कपाटातून आलं, गीझरच्या पाठीमागून आलं, आणि पलंगावर आडव्या झालेल्या शांताक्कांच्या थेट कानात आलं.

शांताक्का भिजली उशी घेऊन खाली उतरल्या. "या गाडीत एक थेंब गळतोय तोवर मी पाय ठेवणार नाही," एवढं बोलून त्या रेल्वेने परत बंगळुरात, यशवंतपूर स्टेशनावर उतरल्या. अण्णा मागाहून पोहोचले, खिडकीत गाद्या वाळत घातलेली बस घेऊन.

तेव्हापासून दुरुस्ती चालू आहे.

मी त्या दुरुस्तीत कसा ओढला गेलो ते सांगतो. फेब्रुवारीत माझी पत्नी गेली. त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण "धीर धरा" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. अण्णा आले, चहा नको म्हणाले, आणि माझं मनगट हातात घेऊन बघत राहिले. मला वाटलं, सांत्वनाचा हा काही निपाणीकडचा प्रकार असेल.

"बारीक आहे की ओ," ते म्हणाले. "बेसिनच्या मागं माझा हात जाईना झालाय. चला, सर."

कॉलेजात जन्मभर मी इतिहास शिकवला. पाना मी चित्रात पाहिला होता. पण माझं मनगट कामाचं निघालं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्या बसमध्ये कपाटात खांद्यापर्यंत हात घालून बसू लागलो आणि बाहेरून अण्णा हुकूम सोडू लागले. "डावीकडं! तुमचं डावं नव्हे, गाडीचं डावं!"

गळती शोधायची त्यांची रीत ठरलेली. पाइपात सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि जोडांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तिथे तडा. फेस लावायला दाढीचा ब्रश, फेसही दाढीच्या क्रीमचाच. समोरच्या बाई एकदा बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अण्णा, मिशी ठेवणार का गाडीला?" अण्णांनी मान वर केली नाही. बुडबुडा दिसला की ते मोठ्या समाधानाने म्हणायचे, "सरी, बरोबर! रोग सापडला." आणि दुसऱ्या दिवशी पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत जाऊन नवा जोड घेऊन यायचे. तोच ब्रश सकाळी ते गालावर फिरवायचे. त्यामुळे त्यांच्या दाढीला रबराचा वास यायचा.

इकडे शांताक्कांना निपाणीला जायचं होतं. धाकट्या बहिणीने घर बांधलं होतं, परसात आंबा होता. "आंबे संपायच्या आत ये," म्हणून तिचा रोज फोन. निपाणीला रेल्वे जात नाही, आणि शांताक्कांच्या पाठीला साधी बस सोसत नाही. आडवं पडून जायचं तर हीच गाडी. आणि गाडी तर रोज एक थेंब गाळायचीच. कधी बेसिनखाली, कधी पंपापाशी. मोठे तडे केव्हाच बुजले होते. हा एक थेंब मात्र जागा बदलत हिंडायचा. "पाणी फार हुशार असतंय ओ, सर," अण्णा म्हणायचे. काम आटोपलं की शांताक्का दोन ताटं गाडीच्या बाहेरच्या पायरीवर आणून ठेवायच्या. गाडीत पाय ठेवायचा नव्हता ना! आम्ही पायरीवर बसून जेवायचो.

मे अर्धा सरला. एकदा मी जरा लवकर गेलो तेव्हा अण्णा दुकानात गेले होते. शांताक्का घराच्या पायरीवर शेंगा सोलत होत्या.

"अक्का, आज तरी कोरडी झाली का हो?" मी विचारलं.

"गाडी होय?" त्या शेंगांकडेच बघत म्हणाल्या. "ती गुढीपाडव्यालाच कोरडी झाली, भाऊजी. तुम्ही यायच्या आधी एखादा जोड सैल करून ठेवतात हे."

मी खाली टेकलो आणि परातीतली एक शेंग उचलली.

"मी भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, काम संपलं तर सर घराबाहेर पडायचे नाहीत, जेवायचे पण नाहीत. मग मीच म्हटलं, राहू दे. आंबे काय, पुढच्या वर्षी पण येतात."

एवढ्यात अण्णा आले. आल्याआल्या बेसिनखाली वाकले आणि खोट्या आश्चर्याने ओरडले, "सर! पुन्हा थेंब!"

मी आत गेलो. या वेळी पाना त्यांच्या हातून मीच घेतला, आणि कपाटात हात घालून तो जोड होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला.

"अहो, एवढं आवळू नका," अण्णा चटकन बोलून गेले, "पुन्हा उघडायला लई त्रास होतोय."

मग त्यांच्या लक्षात आलं. दोघंही कपाटात डोकं घालून होतो, ते बरं होतं.

"पुन्हा उघडायचा नाही, अण्णा," मी म्हणालो. "निपाणीला जाऊन या."

अण्णांनी फडक्याने हात पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसत राहिले.

"आम्ही जातोय की," ते हळू म्हणाले. "पण संध्याकाळी तुम्ही काय करणार ओ, सर?"

मी पाना खाली ठेवला. इतक्यात गाडी एका बाजूला किंचित कलली. शांताक्का शेंगांची परात घेऊन आत चढल्या होत्या. त्यांनी परात पलंगावर ठेवली आणि पदराला हात पुसत नवऱ्याला म्हणाल्या, "ते काय विचारता? पिशवी भरायला किती वेळ लागतो, ते विचारा त्यांना."