कापीच्या आधी एक तास

सतीशकुमारने लॅबच्या बाकावर बसून शर्टाची बाही वर सारली, ती केवळ आईची भीती जावी म्हणून. त्याला स्वतःला काहीच झालं नव्हतं. झालं होतं आईला, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. अप्पा गेल्यापासून चंद्रमतीबाई ऊन वर येईपर्यंत निजून राहत, सांबारात मीठ विसरत, चार हाका मारल्या की एकदा ओ देत. बँकेत एक सहकारी म्हणाला, "थायरॉइड असेल हो," आणि सतीशला केवढा धीर आला! थायरॉइडला गोळी असते. नवरा गेल्याच्या दुःखाला कुठली गोळी?

"सरी, जाऊ लॅबला," आई म्हणाली, "पण पहिली सुई तू घे."

तंजावरच्या मेलवीधी रस्त्यावरची ती नवी कॉम्प्युटराइज्ड लॅब. रिपोर्ट आले आणि भलतीच पंचाईत झाली. आईचा आकडा अगदी नॉर्मल. सतीशचा चार पॉइंट सहा, छापलेली हद्द चारची, आणि पुढे ठसठशीत तारा!

त्याची बायको राजलक्ष्मी लॅबमधला लक्षणांचा कागद वाचू लागली. "आळस, विसराळूपणा, सुटलेलं पोट... अहो, हे सगळं तुमचंच की!"

"अय्यो, माझं लेकरू!" म्हणत आई ताडकन उठून बसली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तारा पाहिला आणि गोळी लिहून दिली. पहाटे उपाशीपोटी घ्यायची, मग तासभर कापी, म्हणजे आपली कॉफी, नाही. तंजावरात जन्मलेल्या माणसाला पहाटे तासभर कापी नाही म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यात बातमी फुटली. बँकेतल्यांनी त्याला जिना चढू देणं बंद केलं. पापनाशमहून व्यंकोजीकाका केळ्यांचा घड घेऊन बसने आले आणि पलंगाशी बसून पुतण्याकडे असे बघू लागले की धडधाकट सतीशला आपोआप कण्हावं लागलं.

पण आई! अंधारात उठून ती त्याला हलवायची, गोळी तळहातावर ठेवायची आणि कापीच्या फिल्टरपाशी पहारा द्यायची. अप्पांना रक्तदाबाची गोळी ती अशीच द्यायची. सांबारात मीठ परत आलं. राजलक्ष्मीला सासूची बोलणीही पुन्हा बसू लागली, आणि बिचारी ती ऐकून न्हाणीघरात जाऊन आनंदाने रडली.

व्यंकोजीकाकांना मात्र चैन पडेना. ते पुतण्याला ओढतच एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले आणि बाहेरच्या बाकावर डुलक्या घेत बसले.

"ही गोळी कुणी सुरू केली?" बाईंनी विचारलं. "दुसऱ्या लॅबमध्ये हद्द पाचची असते. तिथे तुम्ही ठणठणीत."

"मग मी आजारी आहे की नाही?"

"निरोगी माणसांचं रक्त तपासून हद्द आखतात. प्रत्येक लॅबची माणसं वेगळी, यंत्र वेगळं. तुम्ही कुंपणावर आहात. गोळी बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

दुसरा कुणी असता तर नाचत घरी गेला असता. सतीशचा चेहरा उतरला.

"बंद नका करू, मॅडम," तो म्हणाला. "मला गोळी द्यायची म्हणून आई उठते हो."

आणि अप्पांच्या चितेपाशीही न रडलेला हा चाळिशीचा माणूस तिथे लहान पोरासारखा रडला. अप्पांची आठवण त्यालाही येत होती. आईची काळजी करता करता ते सांगायचं राहूनच गेलं होतं. बाईंनी त्याला पाणी दिलं, आणि त्या गोळीऐवजी नुसतं बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं.

त्याने घरी येऊन जुन्या बाटलीत नव्या गोळ्या भरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने त्याला हलवलं. गोळी तळहातावर ओतली आणि ती थांबली.

"ही पिवळी कशी?"

"कंपनी बदलली, आई."

आईने गोळी नाकाशी नेली. तो उग्र वास तिच्या ओळखीचा होता. शेवटच्या दुखण्यात अप्पांना हीच ताकदीची गोळी ती रोज भरवत होती. तिने गोळी सतीशच्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. लगेच वाफाळती कापी घेऊनच आली.

"आई, तासभर..."

"ह्या गोळीला तास लागत नाही रे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "पी. पण उद्याही मीच उठवीन हं तुला."