आधी इतिहास, मग दाल पकवान

उल्हासनगरच्या बाजारात दिवसभर फिरून रुमालसुद्धा न घेता परत येणारा माणूस मी एकच पाहिलाय. आमचे भालेराव काका. अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. कारखान्यातून रिटायर झालेले, काकी गेल्यापासून एकटेच. चाळीत कुणाचं लग्न निघालं की खरेदीला हे न बोलावता चपला घालून तयार.

त्यांचा नियम ठरलेला. "आधी इतिहास, मग नाश्ता, मग खरेदी." बायका सेलच्या ढिगाकडे धावायच्या आणि हे भर रस्त्यात हात आडवा घालायचे. "थांबा. इथे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी मिलिटरीचा कॅम्प होता. फाळणी झाली, सिंधमधून माणसं आली, या बॅरेकींत राहिली. पापड विकून उभी राहिली. लक्षात येतंय का?" कुणाच्या कप्पाळ लक्षात येणार, पोटात कावळे ओरडत असायचे. मग दाल पकवान, म्हणजे डाळ आणि सिंधी कडक पुरी. पकवान मोडताना कडकन आवाज आला नाही तर प्लेट परत. गाडीवाला यांना बघितलं की आधीच कानाजवळ एक मोडून दाखवायचा.

घासाघीस सिंधीत सुरू व्हायची, अडली की हिंदीत यायची आणि रागावले की थेट मराठीत. दुकानदार भाव उतरवायचे ते बहुतेक सुटका म्हणून. स्वतःसाठी मात्र काही नाही. "मी दाखवणारा. घेणारा नाही."

मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचे ते दिवस. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं लग्न ठरलं. तिने माझ्याशी पैजच लावली, "या वेळी काकांना काहीतरी घ्यायला लावते की नाही बघ."

शर्ट दाखवला, चपला दाखवल्या, शेवटी रुमालावर आली. काकांचं एकच, "आहे माझ्याकडे."

मग त्यांच्या नेहमीच्या साडीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर म्हातारे शेठ, साड्या दाखवायला नवीन माणूस. त्याने लालभडक शालूंचा ढीग घातला. काका म्हणाले, "सफेद दिखाव." आमच्या बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. त्याचा चेहरा पडला. शालू हळूच बाजूला सारून तो म्हणाला, "अरेरे. घर में कौन ऑफ हो गया, अंकल?"

"मेरी शादी है," सुजाता फणकारली.

शेठनी कपाळावर हात मारला. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि बाहीनेच डोळे पुसले.

"बघा, रुमाल नाहीये तुमच्याकडे," सुजाताने पकडलंच. "आता घ्या काहीतरी."

काका हसायचे थांबले. "तो चुकला नाही गं. या दुकानातून मी दोनदाच पांढरं नेलं. एकदा लग्नात तुझ्या काकीसाठी. आणि एकदा ती गेली तेव्हा. त्यानंतर इथून काही न्यायला हातच धजला नाही."

सुजाता त्यांना खेटून बसली आणि साड्या बघू लागली. तिने चंदेरी काठाची एक निवडली. मी पर्स उघडली तर काकांनी रस्त्यात घालायचे तसा हात आडवा घातला. "थांब. ही मी घेणार."

शेठनी आपणहून भाव उतरवला. काका भडकले, थेट मराठीत.

"एक रुपया कमी करायचा नाही, शेठ. आमच्या पोरीच्या लग्नाची साडी आहे."